पहिल्या वेळी बाळाचा खांदा अडकला होता. आता दुसऱ्या वेळी नॉर्मल की सिझर?

अबोली
नमस्कार. बरीच वर्षं इथे नुसती वाचक आहे, लिहायची वेळ पहिल्यांदाच आली. लांबलं तर सांभाळून घ्या.

मोठा मुलगा आता चार वर्षांचा आहे. त्याच्या वेळी कळा खूप लांबल्या, शेवटी व्हॅक्यूम लावला. डोकं बाहेर आलं आणि खांदा अडकला. एकदम खोलीत गर्दी झाली. कोणीतरी माझे दोन्ही पाय दुमडून पोटाशी आणले, कोणीतरी ओटीपोटावर दाबत होतं, एवढंच आठवतं. बाळ ४.२ किलोचं आणि उजवा हात लुळा. एर्ब्ज पाल्सी म्हणाले. फिजिओथेरपीवर भागलं, ऑपरेशन लागलं नाही. आज हात बऱ्यापैकी चालतो, पण डोक्याच्या वर पूर्ण जात नाही. शर्ट घालायची त्याने स्वतःची एक युक्ती शोधून काढली आहे.

आता मला २३वा आठवडा चालू आहे. एक डॉक्टर म्हणतात, सरळ सिझर करू, विषय संपला. दुसऱ्या म्हणतात, दर वेळी असं होत नाही, बाळाचं वजन बघून ठरवू. घरातही दोन पार्ट्या. आई सिझरच्या बाजूने. सासूबाई म्हणतात, एकदा नॉर्मल झालंय तर आता पोट कशाला फाडून घ्यायचं. नवरा म्हणतो, तू ठरवशील ते. ऐकायला छान, उपयोग शून्य.

ज्यांच्यावर ही वेळ आली त्यांनी काय केलं आणि कशावरून ठरवलं?

गारवेल
माझीच गोष्ट वाचतेय असं वाटलं, फक्त आमचा डावा हात. मी दुसऱ्या वेळी सिझर केलं. टक्केवारी वगैरे सगळी वाचली होती, पण नुसतं तपासणीच्या टेबलावर झोपले तरी माझे हातपाय गार पडायचे. ती भीती घेऊन पुन्हा कळा द्यायला जाणं मला झेपलंच नसतं.

टाके दुखले, खोकताना जीव जायचा, थोरलीला उचलून घेता येत नव्हतं म्हणून ती रुसून बसायची. हे सगळं धरूनही परत तेच करेन.

निर्मोही
निसर्गावर विश्वास ठेवा. शरीराला सगळं कळतं. पूर्वीच्या बायकांना आठ-आठ, दहा-दहा मुलं व्हायची, कुठे होती सिझेरियनं?

टवाळखोर
@निर्मोही, त्या दहांतली जगायची किती आणि आया वाचायच्या किती, तेही लिहा की.

निर्मोही
मी फक्त सकारात्मक राहा म्हणत होते. लगेच अंगावर यायची गरज नाही.

मंजिष्ठा
मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. इथे वाचून कोणी निर्णय घेऊ नये हे आधी सांगते, पण डॉक्टरांना काय विचारायचं ते कळायला उपयोग होईल म्हणून लिहिते.

याला शोल्डर डिस्टोशिया म्हणतात. डोकं बाहेर येतं आणि बाळाचा पुढचा खांदा आईच्या ओटीपोटाच्या पुढच्या हाडामागे अडकतो. मानेतून हातात जाणाऱ्या नसांच्या जुडग्यावर त्या वेळी ताण येतो. वरच्या नसा, म्हणजे सी५ आणि सी६, दुखावल्या की एर्ब्ज पाल्सी. बहुतेक बाळांचा हात पुढे सुधारतो, काहींचा मात्र पूर्ण सुधारत नाही.

पुन्हा होईल का? वेगवेगळ्या अभ्यासांत १ टक्क्यापासून २५ टक्क्यांपर्यंत आकडे आहेत. एवढी तफावत असण्याचं एक कारण असं, की पहिल्या वेळी फार वाईट अनुभव आलेल्या बायका दुसऱ्या वेळी सिझरच करून घेतात, त्यामुळे त्या मोजणीत येतच नाहीत. सर्वसाधारण बाईच्या मानाने धोका साधारण दहापट धरतात.

म्हणून कुठल्याही एकाच पद्धतीचा नियम नाही. ब्रिटनच्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजच्या सूचनांतही दोन्ही मार्ग योग्य असू शकतात असंच म्हटलं आहे. बघायचं काय, तर मागच्या वेळची इजा किती गंभीर होती, या बाळाचा अंदाजे आकार आणि आईची इच्छा. शेवटचा मुद्दा उपकार म्हणून घातलेला नाही, तो निकषच आहे.

अबोली, तुम्हाला दोन प्रश्न. मागच्या वेळी शुगर तपासली होती का? आणि त्या वेळची फाईल तुमच्याकडे आहे का? नसेल तर डिस्चार्ज कार्डावर न थांबता लेबर रूमच्या नोंदींची प्रत मागा. कळा किती वेळ होत्या, व्हॅक्यूम का लावला, डोकं बाहेर आल्यापासून पूर्ण बाळ बाहेर यायला किती मिनिटं लागली, काय काय युक्त्या केल्या, कुठला खांदा पुढे होता, हे त्यात असायला हवं.

बाबा_भोपळे
"दहापट" वाचून बायकोने फोन खाली ठेवला. मूळ आकडा किती ते पण सांगा ना डॉक्टर.

मंजिष्ठा
बरोबर, ते राहिलंच. ब्रिटनमधल्या मोठ्या पाहण्यांत नॉर्मल बाळंतपणांपैकी ०.५८ ते ०.७० टक्के, म्हणजे शंभरात एकापेक्षा कमी. आणि खांदा अडकला म्हणजे नस दुखावतेच असंही नाही. बहुतेक वेळा पाय दुमडून पोटाशी आणणे आणि ओटीपोटावर योग्य दिशेने दाब देणे एवढ्यावर खांदा सुटतो. पाय दुमडण्याच्या युक्तीचं यश काही पाहण्यांत ९० टक्क्यांपर्यंत आहे. गर्भाशयाच्या वरून मात्र ढकलायचं नसतं, त्याने खांदा आणखी घट्ट बसतो.

चिंचबोर
वजन बघून ठरवू म्हणणाऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार. मला सोनोग्राफीत ३.९ सांगितलं होतं. सगळ्या घराने धसका घेतला. निघालं ३.२. जावेचं उलट, "छोटंसं आहे" म्हणाले आणि झबली खांद्यातून शिरेनात.

मंजिष्ठा
विनोद म्हणून ठीक, पण मुद्दा खरा आहे. शेवटच्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीत वजनाचा अंदाज १० टक्के इकडेतिकडे होऊ शकतो, आणि बाळ जितकं मोठं तितका तो जास्त फसतो. शिवाय खांदा अडकलेल्या बाळांपैकी जवळपास निम्मी, ४८ टक्के, ४ किलोच्या आतली असतात. म्हणून नुसत्या वजनावर बेतू नये.

बाबा_भोपळे
आमचं थोडं वेगळं. थोरल्या मुलीला जन्माच्या वेळी प्राणवायू कमी पडला, कारण कळा सुरू असताना नाळ बाळाच्या आधी खाली उतरली. घाईघाईत सिझर झालं. तिला आजही चालताना आधार लागतो.

दुसऱ्या वेळी आम्ही ठरवून टाकलं होतं, सिझर म्हणजे सिझर. डॉक्टरांनी शांतपणे विचारलं, मागच्या वेळचं कारण या वेळीही आहे का? तेव्हा बाळ आडवं होतं, पाणी अचानक गेलं आणि नाळ घसरली. या वेळी डोकं खाली, व्यवस्थित बसलेलं. मग चर्चा वेगळ्याच गोष्टीवर गेली. आधीच्या सिझरच्या व्रणावर कळांचा ताण येऊन गर्भाशय फाटायचा धोका, साधारण दोनशेत एक. म्हणजे ज्याला आम्ही घाबरत होतो तो धोका जवळजवळ नव्हता आणि ज्याचा विचारच केला नव्हता तो समोर होता. शेवटी नॉर्मल झालं. सिझरची तयारी बाजूच्या खोलीत ठेवलेली होती.

सांगायचं एवढंच की "मागच्या वेळी इजा झाली" हे एकच वाक्य असलं तरी त्यामागची कारणं वेगवेगळी असतात. आमचा निर्णय उचलून तुम्हाला लावू नका, तुमचा खांद्याचा मामला पुन्हा होऊ शकणाऱ्यांतला आहे.

गारवेल
@बाबा_भोपळे, छान लिहिलंत. लेकीला खूप प्रेम.

आकडेमोड
आता माझ्यावर तुटून पडाल, पण लिहितोच. १९९६ साली अमेरिकेत एक हिशेब मांडला होता. मधुमेह नसलेल्या आईचं बाळ अंदाजे ४.५ किलोच्या वर असेल तर सरसकट सिझर करायचं ठरवलं, तर नसेची एक कायमची इजा टाळायला ३६९५ सिझर करावी लागतील. मधुमेह असेल तर ४४३. अमेरिकेतल्या सूचनाही मधुमेह नसेल तर ५ किलो आणि असेल तर ४.५ किलो अंदाज आल्यावरच सिझरचा विचार करा म्हणतात. सिझर म्हणजे मोठं ऑपरेशन आहे. भीतीपोटी करू नये.

डावखुरा_नाइलाजाने
@आकडेमोड, तुमच्या त्या ३६९५ मधला "एक" मी. वय ३६, उजवा हात, जन्मापासून.

तक्रार करत नाही. नोकरी आहे, संसार आहे, गाडी चालवतो. पण एका हाताने लेकीची वेणी घालायला शिकलो तेव्हा समजलं की हिशेबात "कायमची इजा" असे दोन शब्द असतात, त्यात काय काय मावतं. आईने मला कधी बोलून दाखवलं नाही, पण माझ्यानंतर तिने दुसरं मूल होऊ दिलं नाही. तो खर्च ३६९५ च्या कुठल्या बाजूला धरायचा?

आकडेमोड
दादा, तुम्हाला दुखवायचा हेतू नव्हता. पण धोरण आकड्यांवरच ठरतं ना?

मंजिष्ठा
धोरण ठरतं, अबोलीचं बाळंतपण ठरत नाही. आणि तो हिशेब इथे लागूही होत नाही. तो सोनोग्राफीत बाळ मोठं दिसतंय अशा सर्वसाधारण बायकांचा आहे. ज्यांचा आधीच एकदा खांदा अडकलाय आणि बाळाला इजा झालीये त्यांचा धोका मुळातच वरचा, त्यामुळे एक इजा टाळायला लागणारी सिझरची संख्या खूप खाली येते.

सुईदोरा
सिझरची दुसरी बाजू मी लिहिते, कारण ती कोणी सांगत नाही. माझी पहिली दोन सिझर, दोन्ही छान. तिसऱ्या वेळी वार (प्लॅसेंटा) खाली, नेमकी जुन्या व्रणावर, आणि गर्भाशयाला चिकटून बसलेली. सुटेचना. रक्त किती चढवलं ते नंतर सांगितलं मला. गर्भपिशवी काढावी लागली. बाळ सुखरूप, मी सुखरूप, पण अतिदक्षता विभागात होते आणि बाळाला मांडीवर उशिरा घेतलं.

पहिल्या सिझरच्या वेळी मला एकानेही विचारलं नव्हतं की एकूण मुलं किती हवीत.

मंजिष्ठा
अगदी महत्त्वाचा प्रश्न. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी पाहणीत अशी चिकटलेली वार पहिल्या सिझरला ०.२४ टक्के, दुसऱ्याला ०.३१, तिसऱ्याला ०.५७ आणि चौथ्याला २.१३ टक्के बायकांमध्ये दिसली. वार खाली असेल तर याहून बरीच जास्त. म्हणजे दोनच मुलं हवी असतील तर हा धोका लहान, आणखी हवी असतील तर हिशेब बदलतो.

सुईदोरा
०.५७. म्हणजे डावखुरे दादा आणि मी एकाच क्लबातले.

डावखुरा_नाइलाजाने
स्वागत आहे. वर्गणी आधीच भरून झालेली आहे.

लालफीत
कायद्याच्या बाजूने एक भर. स्कॉटलंडमधल्या नादिन माँटगोमेरी यांचा खटला याच विषयावरचा. त्या उंचीने लहान, त्यांना मधुमेह. अशा आईच्या बाळाचा खांदा अडकण्याची शक्यता ९ ते १० टक्के होती, पण डॉक्टरांनी सांगितलं नाही. त्यांचं म्हणणं, गंभीर इजेची शक्यता फार थोडी आणि सांगितलं तर सगळ्याच जणी सिझर मागतील. १९९९ साली बाळ जन्मलं तेव्हा डोकं बाहेर आल्यावर १२ मिनिटं गेली. मुलाला सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर कायमचा परिणाम, आणि हाताचीही इजा. खालच्या न्यायालयांत त्या हरल्या. मार्च २०१५ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. त्या बाईच्या जागी असलेल्या समजदार माणसाला जो धोका महत्त्वाचा वाटेल, तो तिला सांगायलाच हवा आणि पर्यायही सांगायला हवेत, असं त्यात म्हटलं आहे.

तेव्हा अबोली, "विषय संपला" म्हणणाऱ्या डॉक्टरांनाही विचारा, का संपला? आणि "वजन बघू" म्हणणाऱ्यांनाही विचारा, किती वजनाला काय करणार?

टवाळखोर
नवऱ्याला पण विचारा, "तू ठरवशील ते" म्हणजे रात्री बाळाला कोण घेणार तेही मीच ठरवू का.

बाबा_भोपळे
@टवाळखोर, आम्ही इथे चांगलं नाव कमावत होतो. का?

हळदकुंकू_नको
लवकर कळा आणून बाळ मोठं व्हायच्या आत काढायचं, हा तिसरा मार्ग असतो ना? माझ्या बहिणीचं असंच केलं.

मंजिष्ठा
असतो. २०१५ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात एक चाचणी आली होती. मोठं बाळ वाटणाऱ्या बायकांना ३७ ते ३९ आठवड्यांच्या दरम्यान कळा आणल्या, तेव्हा खांदा अवघड अडकणे किंवा त्यातून हाड मोडण्यासारखी इजा होणे, अशा एकत्र मोजलेल्या केसेस ४११ पैकी २५ वरून ४०७ पैकी ८ वर आल्या. पण नसेची इजा दोन्ही गटांत एकाही बाळाला झाली नव्हती, त्यामुळे इजा टळते का हे त्यातून सिद्ध होत नाही. पहिल्या वेळी हाताला कायमचा परिणाम झालेला असेल तर मी स्वतः हा मार्ग पहिला सुचवणार नाही. हे माझं मत, दुसऱ्या डॉक्टरांचं वेगळं असू शकतं.

पाणपोई
मी फिजिओथेरपिस्ट आहे. अवांतर आहे, पण अबोली, मुलाच्या हाताची शेवटची तपासणी कधी झाली? चार वर्षांचा म्हणजे हात पूर्ण वर जात नसेल तर खांद्याचा सांधा एकदा बघून घ्यायला हवा. वाढत्या वयात स्नायूंचा असमतोल राहिला तर सांध्याचा आकार बिघडू शकतो. या वयातही स्नायूबंध फिरवून बसवण्याची ऑपरेशनं होतात. त्याची ती शर्ट घालायची युक्ती कौतुकाची आहेच, पण युक्तीमागे अडचण लपते.

आणि नवीन बाळ आलं की मोठ्याचा व्यायाम घरात सगळ्यात आधी बंद पडतो. बघितलंय खूपदा.

चिंचबोर
धाग्यावर एवढी कामाची माहिती आणि एकही भांडण पानभर नाही. साइट बिघडली का?

अनुभवी_काकू
माझी मुलगी आता मोठी आहे. पहिल्याचा खांदा अडकला होता, हाताला काही झालं नाही, नुसती धावपळ. दुसऱ्या वेळी मी नॉर्मलच करायचं ठरवलं. पण डॉक्टरांना आधी विचारून घेतलं होतं की कळा देताना अनुभवी माणूस हजर असेल का, रात्री बालरोगतज्ज्ञ असतील का, व्हॅक्यूम किंवा चिमटा लावायची वेळ आली तर थेट सिझर कराल का. त्यांनी "हो" लिहून दिलं फाईलवर. मुलगी ३.६ ची, सुरळीत.

मंजिष्ठा
काकू, हे प्रश्न मी छापून भिंतीवर लावणार आहे. ब्रिस्टलच्या साउथमीड हॉस्पिटलमध्ये सगळ्या स्टाफला बाहुलीवर या प्रसंगाचा सराव द्यायला लागल्यावर खांदा अडकलेल्या बाळांतल्या इजा ९.३ टक्क्यांवरून २.३ टक्क्यांवर आल्या होत्या. बाळंतपण कुठल्या पद्धतीने, याइतकंच कोणाच्या हातात हेही महत्त्वाचं.

निर्मोही
काकूंचं झालं ना नॉर्मल? मी तेच म्हणत होते.

अनुभवी_काकू
बाई गं, निसर्गावर विश्वास होता म्हणून नाही झालं, लेबर रूममध्ये पाच माणसं उभी होती म्हणून धीर झाला.

अबोली
सगळ्यांचे मनापासून आभार. उशिरा येतेय, मध्ये बरंच काही झालं.

फाईल मिळाली. आधी "इतकी जुनी सापडणार नाही" म्हणाले, लेखी अर्ज दिल्यावर सापडली. त्यात लिहिलंय, डोकं बाहेर आल्यापासून बाळ यायला चार मिनिटं, पाय दुमडणे, ओटीपोटावर दाब, मग मागचा हात आधी काढला. शुगरची एकच उपाशीपोटीची तपासणी, सुरुवातीच्या महिन्यांतली. ग्लुकोज पाजून करतात ती केलेलीच नव्हती.

या वेळी केली. शुगर निघाली. म्हणजे मागच्या वेळीही असेल कदाचित, आता कळणार नाही. सध्या आहार आणि चालणं यावर आटोक्यात आहे.

निर्णय सिझरचा. ३९व्या आठवड्यात, त्याआधी नाही, कारण लवकर केलं तर बाळाला श्वासाचा त्रास व्हायची शक्यता वाढते असं डॉक्टर म्हणाल्या. शुगर बिघडली तरच आधी. आम्हाला दोनच मुलं हवी आहेत, त्यामुळे सुईदोरांचा प्रश्न आमच्यापुरता सुटला. तिसरं नक्की नको ना, हे डॉक्टरांनी मला आणि नवऱ्याला वेगवेगळं विचारलं, ते आवडलं.

सासूबाईंना मुद्दाम बरोबर नेलं होतं. डॉक्टरांनी कमरेच्या हाडांचा साचा आणि बाहुली घेऊन खांदा कुठे अडकतो ते दाखवलं. सासूबाईंनी बाहुली स्वतः हातात घेऊन दोनदा काढून बघितली. घरी येताना म्हणाल्या, हे मागच्या वेळी कुणी आधी का नाही दाखवलं?

@पाणपोई, मुलाची तपासणी पुढच्या महिन्यात आहे. तुमच्यामुळेच.

गारवेल
अभिनंदन. खोकताना उशी पोटाशी घट्ट धरायची, आत्ताच लिहून ठेव. आणि मोठ्याला आधीपासून सांग की आई काही दिवस उचलून घेणार नाही, पण मांडीवर बसायला परवानगी आहे.

आकडेमोड
शुगर आहे म्हटल्यावर माझाही हिशेब बदलला. शुभेच्छा.

टवाळखोर
आकडेमोड यांनी मत बदललं. स्क्रीनशॉट काढून ठेवला आहे.

डावखुरा_नाइलाजाने
अबोली, मुलाला पोहायला घाला. मला फार उशिरा घातलं. आणि तो शर्ट कसा घालतो ते एकदा विचारून सांगा, माझी पद्धत अजून कॉलर फाडते.

अबोली
आधी दुखरा हात बाहीत, मग डोकं, मग चांगला हात. त्याचं म्हणणं, "सोपं आहे, काकांना सांग."

नवी_पालवी
धागा जुना आहे, तरी विचारते. आमच्या बाळाचं जन्माच्या वेळी गळपट्टीचं हाड मोडलं होतं, काही आठवड्यांत आपोआप जुळलं. हात छान चालतो. दुसऱ्या वेळी आम्हालाही सिझर करावं लागेल का?

मंजिष्ठा
हाड जुळलं, हात चालतो, म्हणजे ती इजा संपली. पण ते मोडलं कशाने हे फाईलमध्ये बघा. खांदा अडकला होता असं लिहिलं असेल तर वरचं सगळं तुम्हालाही लागू, फक्त इजा सौम्य होती एवढा फरक. नॉर्मलचा विचार नक्की करता येईल. ग्लुकोजची तपासणी चुकवू नका आणि अनुभवी काकूंचे तीन प्रश्न घेऊन जा.